कुंभार पिंपळगावचं बुटकं

जालन्याहून कुंभार पिंपळगावला येणाऱ्या एसटीत गाव जवळ आलं की कंडक्टर विचारायचा, "गावात उतरायचं का बुटक्यापाशी?" नवखा प्रवासी बुटक्यापाशी उतरला की वीसेक फूट उंचीच्या एका गर्द हिरव्या झाडासमोर उभा राहायचा. बुटकं कुठं आहे असं त्यानं विचारलं, तर लोक त्या झाडाकडेच बोट दाखवायचे. दाखवताना कुणी हसायचं नाही. झाडाचे मालक कचरूबा जालन्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, आणि हे झाड बुटकं आहे असं त्यांनीच गावाला सांगितलं होतं. शास्त्रातला माणूस सांगतोय म्हटल्यावर आपल्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा, एवढं गावाला कळत होतं.

कचरूबांची नोकरी शिपायाची, पण रुबाब खात्याचा. काचेच्या बरण्या, सूक्ष्मदर्शक, वाळवलेल्या पानांचे तक्ते यांतलं काय कुठं आहे हे प्राध्यापकांना ठाऊक नसे, कचरूबांना असे. प्रॅक्टिकलची तिथली एक रीत होती. उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असायचं. मुलं मोजमाप करायची आणि ते उत्तराशी जुळलं नाही तर मोजमाप दुरुस्त करायची. एखादं पोरगं न जुळलेलं रीडिंग घेऊन रडकुंडीला आलं की कचरूबा त्याच्या वहीत डोकावून म्हणायचे, "पुस्तकात किती हाय? मंग तेवढंच आलं आसंल. पट्टी वाकडी धरली तू." एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून एकही विद्यार्थी प्रॅक्टिकलला नापास झाला नाही, आणि एकही पट्टी सरळ धरली गेली नाही.

ते झाड आलं शरदचंद्र सरांमुळे. सर त्याच खात्यात शिकवायचे. चौऱ्याऐंशी साली चार महिने अमेरिकेला जाऊन आले आणि आल्याबरोबर, बायकोमुलांच्याही आधी, कचरूबांना प्रयोगशाळेत गाठून त्यांनी एक हकिकत सांगितली. तिकडं समुद्राच्या काठाला एक जंगल आहे. जमीन समुद्रापासून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली. खालच्या पायऱ्यांवर आभाळाला भिडलेली झाडं. सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत जुन्या पायरीवर मात्र माती राखेसारखी पांढरी, आंबट, लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन कस गेलेली. हातभर खाली लोखंडासारखा टणक थर, मुळाला खाली जाता येत नाही. पावसाळ्यात तिथं पाणी तुंबतं आणि एरवी समुद्राकडून धुकं येतं. अशा जागी एक सरू वाढतो. वय शंभर वर्षं, उंची कंबरेएवढी, खोड अंगठ्याएवढं. खालच्या पायरीवरून वर आलं की आपण एकाएकी राक्षस झालो असं वाटतं. जगात अशी जागा फार थोडी, म्हणून झाडही दुर्मिळ.

कचरूबांनी भिजवलेल्या काचा पुसत सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शंभर वर्सं जगतं, सर. खातं काय?"

"काहीच नाही. तिथं खायला काही नाहीच."

संध्याकाळी कचरूबांनी हे घरी बायकोला, गोजरबाईला, जसंच्या तसं सांगितलं. गोजरबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. तिनं ते मनात ठेवलं.

त्या जंगलाची राखण करणाऱ्या एका बाईंनी सरांना सहा बिया रीतसर कागदपत्रांसकट दिल्या होत्या. काळ्या तिळासारख्या. बाईंचं म्हणणं असं, की हे झाड उपासमारीनं खुजं राहतं. दोन मैलांवर खोल मातीत त्याचीच भावंडं ताडमाड वाढलेली आहेत. सरांना ते पटलं नाही. वाणच जन्मजात खुजा, असं त्यांचं मत होतं. बाई काही फारशा शिकलेल्या नव्हत्या. नुसत्या पंचवीस वर्षं त्या जंगलात राहिलेल्या होत्या.

सहांतल्या चार बिया उगवल्या आणि जालन्याच्या उन्हाळ्यातून एक रोप वाचलं. सरांचं घर जुन्या जालन्यात. तिथं अंगण म्हणजे गल्ली आणि नळाला पाणी म्हणजे बातमी. सत्त्याऐंशी साली कचरूबा निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा सरांनी रोप त्यांच्या हवाली केलं. स्वतः येऊन गोठ्याच्या भिंतीजवळ खड्डा खणवून घेतला. मुरूम आणि नदीची पांढरी वाळू भरली. वाण जन्मजात खुजा आहे यावर सरांचा पूर्ण विश्वास होता, तरी खबरदारी म्हणून त्यांनी खड्ड्याच्या तळाला शहाबादी फरशी घातली. ती टणक थराच्या जागी. धुक्याच्या जागी फवारणीचा पंप, रोज सकाळी. खत बिलकुल नाही. "आणि दर वर्षी मला उंची कळवायची, कचरू. काटेकोर."

कचरूबांनी कॉलेजातून मिळालेली टेप काढली आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोजायचं ठरवलं. पुढच्या वर्षी अठ्ठ्याऐंशीच्या पोळ्याला एक फूट दोन इंच भरलं. पोस्टकार्ड लिहिलं, "उंची १ फूट २ इंच. तब्येत बराबर."

त्यानंतरच्या पोळ्याला तीन फूट एक इंच भरलं.

कचरूबांनी टेपकडे पाहिलं. टेप वाकडी धरली असणार. पुन्हा धरली तर तीन फूट सव्वाएक, म्हणजे चूक वाढतच चालली होती. पुस्तकात, म्हणजे सरांच्या तोंडात, उत्तर ठरलेलं होतं. शंभर वर्षांत कंबरेएवढं, म्हणजे वर्षाला अर्धा इंच सुद्धा नाही. कचरूबांनी उदार मनानं एक इंच धरला आणि लिहिलं, "उंची १ फूट ३ इंच."

खोटं लिहिलं असं त्यांना वाटलं नाही. दुरुस्त करून लिहिलं, असंच वाटलं.

एक रीडिंग दुरुस्त केलं की पुढची त्याच्या मागं चालतात. झाड त्यांच्या खांद्याला आलं, मग डोक्याच्या वर गेलं. झाडाची उंची नेमकी कुठवर धरायची हा तसा शास्त्रीय प्रश्नच आहे. कचरूबांनी ती पहिल्या फांदीपर्यंत धरली. दर वर्षी कार्ड जात राहिलं. १ फूट ४, १ फूट साडेचार, १ फूट ५. दरम्यान सर निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला गेले. गुडघे गेले, येणं होईना. कार्डांवर त्यांचा जीव. चौऱ्याण्णव साली त्यांनी एका मासिकात लेख छापला, खुजा सरू मराठवाड्यातही खुजाच कसा राहतो याबद्दल. शेवटी एक ओळ होती, "श्री. कचरू यांच्या काटेकोर नोंदींवाचून हे लेखन शक्य नव्हते." कचरूबांनी तो अंक काचेत बसवून घेतला. गावात कुणाचं नाव छापून आलं असेल तर ते जमिनीच्या वादात, नाहीतर मयताच्या बातमीत. शास्त्रात पहिलं नाव त्यांचंच. येणाऱ्या जाणाऱ्याला ते फ्रेम दाखवायचे आणि पाहुणा बाहेर येऊन झाडाकडे मान वर करून पाहायला लागला की त्याला चहाला आत बोलवायचे.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात सरांचं पत्र आलं. त्या बाई भारत पाहायला आल्या आहेत. "तुझी सगळी कार्डं त्यांना दाखवली. त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणतात, मी डोळ्यांनी पाहीन. या रविवारी त्यांना घेऊन येतो. पंधरा वर्षांचा वाद तुझ्या अंगणात मिटेल."

कचरूबांनी पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून आभाळाकडे, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं.

शुक्रवारी ते जालन्याला गेले. रोपवाटिकेत तासभर फिरले, टेप लावून लावून एक मोरपंखीचं रोप निवडलं. एक फूट आठ इंच, शेवटच्या कार्डाबरहुकूम. संध्याकाळच्या एसटीतून पिशवी सांभाळत उतरले, तर बद्रीनाथ स्टॉपवर उभाच. बद्रीनाथ माजी सरपंच. सध्या काम नसल्यामुळं सगळ्यांच्या कामात.

"कचरूबा, बुटक्याला भाऊ आणला का?"

"शोभेचं झाड हाय."

"बराबर हाय. एकाला बुटकं म्हणून म्हणून आमची मान दुखून राह्यली. हे जरा वाकून बघता येईल."

शनिवारी सकाळी कचरूबांनी कुऱ्हाड बाहेर काढली. गोजरबाई गोठ्याच्या कडेला धुणं धूत होती. तिनं कुऱ्हाडीकडे पाहिलं, मोरपंखीच्या पिशवीकडे पाहिलं आणि धोतर पिळून बाजूला ठेवलं.

"कुऱ्हाड कशाला काढली?"

"सर येऊन राह्यले उद्या."

"मंग? सराला लाकडं फोडून घालता का?"

कचरूबांनी सगळं सांगितलं. कार्डं, इंच, लेख, बाई. सांगताना त्यांचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा होता. जणू मोठं झाड काढून त्या जागी बारकं लावणं ही परीक्षेआधीची नेहमीची तयारी आहे. गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे अकरा साल तुमी सराला खोटं लिव्हलं."

"खोटं न्हाई. बराबर करून लिव्हलं."

"खरं लिव्हायला काय झाल्तं?"

"खरं बसत न्हव्हतं त्यात."

"अन् आता त्यात बसवायला झाडाला तोडता."

"माझं नाव छापून आलंय, गोजर. काटेकोर म्हणून आलंय. उद्या सर बघतील तर काय म्हणतील? एकतीस साल ज्या माणसानं..." मग एकाएकी म्हणाले, "अन् मला तर वाटून राह्यलं, हे ते झाडच न्हाई. शेळीनं खाल्लं असंल ते. तू दुसरंच काही लावलं असशील अन् सांगितलं न्हाई मला."

गोजरबाई उठली. नवऱ्यानं कुऱ्हाड काढली तेव्हा ती शांत होती. पण ह्या बोलण्यानं तिचा चेहरा बदलला.

"दुसरं? लेकरासारखं वाढवलं त्येला मी. उन्हाळ्यात तुराट्याचा आडोसा केला, ओलं गोणपाट पांघरलं. तुमचा फवारा तुमी दोन महिने मारला, बारा साल मी मारला. बदललं म्हणता? खाली बघा."

"कुठं?"

"मी धुणं कशावर धूते? तुमी रोज सकाळी आंघोळीला कशावर बसता?"

कचरूबांनी खाली पाहिलं. शहाबादी फरशी. दोन बाय दोन. कडेला सरांनी उत्तर दाखवायला छिन्नीनं कोरवलेली बाणाची खूण अजून पुसट दिसत होती. गेली अकरा वर्षं ते रोज त्या खुणेवर तांब्या ठेवत होते.

"अठ्ठ्याऐंशीच्या पोळ्यामागून झडी लागली," गोजरबाई म्हणाली. "तुमी पेन्शनच्या कामाला जालन्याला गेल्ते. खड्ड्यात पाणी तुंबलं. त्येचे पाय पाण्यात, पिवळं पडून राह्यलं. मी अन् शेजारच्या तुळजाबाईनं पहार लावून फरशी काढली. तळ्याचा गाळ भरला, दोन पाट्या शेणखत टाकलं. गोठ्याची नाली तिकडं वळवली. तुमच्या सराच्या वाळूत त्येला ठेवलं असतं तर मेलं असतं त्ये. त्या दिसापासून उपाशी न्हाई ठेवलं. आपल्या दारात कुणी उपाशी राह्यलंय का कधी?"

एकतीस वर्षांत कचरूबांनी पुष्कळ बरण्या पुसल्या होत्या, पण प्रयोग स्वतःच बोलायला लागल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

"अन् हे बघा," म्हणत तिनं त्यांना भिंतीकडे वळवलं.

गोठ्याच्या भिंतीवर हिंगुळी रंगाचे आडवे पट्टे होते, एकावर एक. कचरूबांनी ते बारा वर्षं पाहिले होते. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली की ब्रशला उरलेला रंग बायका भिंतीला पुसतात, अशी त्यांची समजूत होती.

"दर पोळ्याला बैलांची शिंगं झाली की याचा शेंडा कुठवर आला त्ये लावते मी. बैलाचा सण तर याचा का न्हाई? याला बी पुरणपोळीचा तुकडा घालते. भिंत सरली तवापासून शेवग्याच्या शेंगा काढायच्या आकडीवर लावते. आकडी सरली तवा दोन येळू बांधले."

कचरूबा आत गेले आणि टेप घेऊन आले. खालून तिसऱ्या पट्ट्याला त्यांनी टेप लावली. मग खात्री करायला पुन्हा लावली.

तीन फूट एक इंच.

जुळलेली रीडिंगं माणूस विसरतो, न जुळलेलं विसरत नाही. एकोणनव्वदच्या त्या सकाळचे तीन फूट एक इंच त्यांच्या पोटात दहा वर्षं तसेच बसून होते. टेप तेव्हाही सरळच होती. लिहायला वाचायला न येणाऱ्या त्यांच्या बायकोनं कुणालाही न विचारता, पुस्तकात काय आहे हे न पाहता, झाड होतं तिथंच रेघ मारली होती. कचरूबांनी एकेक पट्टा मोजला. चार फूट सात. सहा फूट. साडेसात. प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज चढत गेला. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, पण ह्या आकड्यांचा त्यांना अभिमान वाटत होता. काचेतल्या ओळीचा वाटला होता त्याहून जास्त.

कुऱ्हाड त्यांनी नेऊन आत ठेवली. मोरपंखीचं काय करायचं ते ठरायच्या आत शेळीनं ते ठरवलं.

रविवारी जीप आली तेव्हा अर्धं गाव अंगणात होतं. बद्रीनाथ सगळ्यांत पुढं, इस्त्रीच्या कपड्यांत, जणू झाड त्याच्याच कारकिर्दीत लागलं होतं. सर काठी टेकत उतरले. थकले होते, पण डोळ्यांत तीच घाई. त्यांच्या मागून त्या बाई उतरल्या. सत्तरीच्या, उंच, पायात शेतकऱ्यासारखे बूट.

"कुठं आहे?" सर म्हणाले आणि वाकून जमिनीकडे पाहत चालायला लागले. गोठ्यापर्यंत गेले, परत आले. ऊन लागत होतं म्हणून सावलीला थांबले, दम लागला म्हणून खोडाला टेकले. "कचरू, जागा हीच ना? मला भिंत आठवते. इथंच कुठं तरी होतं."

बाई जिथं उतरल्या तिथंच उभ्या होत्या. त्या वर पाहत होत्या.

सगळं गाव कचरूबांकडे पाहायला लागलं. कचरूबांनी टोपी सारखी केली.

"सर, तुमी त्येलाच टेकले हाय."

सर वळले. खोड पाहिलं. मग नजर वर वर नेत गेले, आणि काठी हातातून सुटेपर्यंत नेत राहिले.

"माझी कार्डं खोटी हैत, सर," कचरूबा म्हणाले. "पहिलं सोडून सगळी. झाड वाढत गेलं, मी लिव्हत गेलो न्हाई. तुमचं उत्तर ठरल्यालं होतं, मी त्येच्यात बसवलं. बाहेरच्या कुणाचा हात न्हाई त्यात. फरशी मात्र हिनं काढली. त्ये तिनं बराबर केलं."

बाईंनी हळू आवाजात सरांना काहीतरी विचारलं. हा माणूस काय म्हणाला ते त्यांना हवं होतं, आणि अंगणात दोन्ही भाषा येणारा माणूस एकच होता. सरांना ते भाषांतर करायला फार वेळ लागला. वाक्य तसं लहान होतं.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं. त्या झाडाजवळ आल्या, तळहात खोडावर ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग हाताला आलेल्या फांदीवरचं बोराएवढं तपकिरी बोंड तोडून त्यांनी चाकूनं फोडलं. आतून काळ्या तिळासारखी बी निघाली. ती तळहातावर घेऊन त्यांनी सरांपुढं धरली.

"तेच आहे," सर म्हणाले. स्वतःलाच सांगितल्यासारखं. "या बाई म्हणतात, ज्या झाडाची ही बी आणली, ते अजून तिथं आहे. त्यांच्या कंबरेएवढं."

"आई कंबरेएवढी, अन् लेक घराच्या वर," गोजरबाई म्हणाली.

"वहिनी, मी पंधरा वर्षं सांगत आलो, याची जातच बुटकी म्हणून. छापून मोकळा झालो."

"जातीचं काय घेऊन बसले, सर. उपाशी ठेवलं की कुणाची बी जात बुटकीच दिसती."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी बाईंना लगेच सांगितलं. यावेळी त्यांना वेळ लागला नाही. बाईंनी मान हलवली आणि हात पुढं केला. गोजरबाईनं पदराला हात पुसून तो धरला.

मग बाईंना पट्टे दाखवायचे होते. गोजरबाई सांगायची, "ही पांढरी गाय व्याली त्या सालची, ही किल्लारीला भूकंप झाला त्याच्या आधल्या पोळ्याची." कचरूबा त्याचं साल करायचे, सर त्याची इंग्रजी करायचे आणि बाई लिहून घ्यायच्या. बारा वर्षांच्या नोंदी अशा तीन हातांतून एका वहीत उतरल्या. बाई म्हणाल्या, खालच्या पायरीवरची उंच झाडं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत, पण खुज्या आईचं लेकरू वर्षावर्षाला कसं वाढलं हे मोजलेली रेघ त्यांच्याजवळ एकही नाही. सरांनी हे मराठीत सांगितलं तेव्हा बद्रीनाथनं गावाकडे वळून पाहिलं. कधी काळी त्यानंच पट्टे मारले असावेत, अशा चेहऱ्यानं.

निघायच्या आधी गोजरबाई घमेलंभर गाळ घेऊन आली. वाळलेला, काळाभोर.

"हा पिशवीत घालून न्या म्हणा. तिकडं बिचारी उपाशी हैत, त्यांच्या मुळाला घाला."

सरांनी सांगितलं. बाई घमेल्यात हात घालून माती बोटांत चुरून पाहत राहिल्या आणि मग सावकाश बोलल्या. ती झाडं दुःखी नाहीत, म्हणाल्या. त्या मातीत दुसरं कुणी जगू शकत नाही, म्हणून तर ती जागा त्यांची. तिथं खत घातलं की आडदांड झाडं येऊन त्यांना ढकलून देतील, आणि मग ते जंगलच राहणार नाही. त्यांना तसंच राहू देणं, एवढीच त्यांची राखण.

गोजरबाईनं विचार केला. "असं आसंल तर ऱ्हाऊ द्या. ज्याचं त्याचं घर. पन हे आमच्या घरी आलं, आता हे आमच्या रीतीनं खाणार."

"बरोबर," सर म्हणाले. मग कचरूबांकडे वळले. चेहऱ्यावर राग होता का हे कचरूबांना कळेना. एकतीस वर्षांत त्यांनी सरांना रागावलेलं पाहिलं होतं, हरलेलं पाहिलं नव्हतं.

"कचरू, मला लेख मागं घ्यावा लागेल. दुरुस्ती छापावी लागेल. माझ्या नावानं."

"माझ्या बी नावानं छापा, सर. कार्डं मी लिव्हली."

"छापतो." सरांनी खिशातून वही काढली. "आजची उंची मात्र मला हवी. पोळ्याची नको, आजची. घे टेप."

बद्रीनाथनं शिडी आणून गोठ्यावर लावली. सत्तर वर्षांचे कचरूबा पत्र्यावर चढले. तिथून दोन बांबू एकमेकांना बांधून त्यांनी टेप शेंड्याला भिडवली. खाली गोजरबाईनं टेपचं शून्याचं टोक बुंध्याशी मातीला टेकवून धरलं. वरून त्यांना कालव्याचं पाणी दिसत होतं, उसाचे फड दिसत होते आणि अंगणात मान वर करून उभं असलेलं सगळं गाव. आजवर त्यांच्याकडे असं वर पाहत कुणी उभं राहिलं नव्हतं.

"किती?" सरांनी खालून विचारलं.

"वीस फूट साडेपाच इंच."

सरांची पेन्सिल वहीवर थांबली. "वीस? एकदा परत बघ, कचरू. टेप वाकडी असेल."

कचरूबांनी परत पाहिलं. सावकाश पाहिलं, गावाला दिसेल असं.

"बघितलं, सर. टेप सरळ हाय. वीस फूट साडेपाच. लिव्हा."

सरांनी लिहिलं.